टाचेच्या उंचीपेक्षा उतार बघा

‘उंच टाचा ही ज्याची त्याची हौस, त्यात काळजी कसली’ हे मत मला अर्धंच पटतं. हौस असेल तर खुशाल घालाव्यात. पण विकत घेताना बहुतेकजणी नुसती टाच बघतात. टाच 5 इंचांची आणि पुढे चवड्याखाली 2 इंचांचा प्लॅटफॉर्म, म्हणजे जाड तळ असेल, तर पायाला उतार 3 इंचांचाच मिळतो. बिनप्लॅटफॉर्मची 4 इंची पेन्सिल हील त्याहून जड जाते. सगळा भार चवड्यावर येतो, निमुळत्या टोकात बोटं चेपतात, आणि रोजच घातली तर पोटऱ्या आखडतात. मग साधी सपाट चप्पल घातली तरी ओढ बसते.

टाच इतकी बारीक आणि उंच झाली ती 1950च्या दशकात, आत पोलादी दांडी आल्यावर. नुसत्या लाकडाला तो भार झेपत नव्हता. 1993 मध्ये पॅरिसच्या रॅम्पवर ब्रिटिश डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडचे वीतभर उंच निळे बूट घालून चालताना सुपरमॉडेल नाओमी कॅम्पबेलसुद्धा पडली, आणि तिचं तर कामच ते!

माझा खरा राग आहे तो सक्तीवर. डिसेंबर 2015 मध्ये लंडनमधल्या एका रिसेप्शनिस्टने 2 ते 4 इंची टाच घालायला नकार दिला, म्हणून तिला बिनपगारी घरी पाठवलं. अशी सक्ती बंद करा, या तिच्या अर्जावर दीड लाखांच्या आसपास सह्या झाल्या, पार्लमेंटात चर्चाही झाली, पण नवा कायदा झाला नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मात्र 2017 मध्ये ही सक्ती सरळ बंद केली.