दोन शिक्षक मंजूर, शाळेत एकच. हे पटाचं गणित नक्की कसं असतं?

माणदेशी_पालक:
आमच्या वाडीवरची झेडपीची शाळा, पहिली ते चौथी, पट ५७. मंजूर पदं दोन, त्यातल्या एक बाई जूनमध्ये बदलीने गेल्या आणि त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, त्यामुळे चारही वर्ग एकाच खोलीत आणि एकटे गुरुजी. माझी मुलगी दुसरीत आहे, जोडाक्षर आलं की अडते. गुरुजी चौथीला गणित द्यायला लागले की पहिली-दुसरीची पोरं नुसती गिरवत बसतात. वर विचारलं तर म्हणतात ३० ला एक शिक्षक हेच प्रमाण, तुमची शाळा नियमात बसते. कशी काय बसते?

झेडपी_गुरुजी:
आरटीई २००९ म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला पट ६० पर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं आहे. म्हणजे शिक्षक मिळतात ते शाळेच्या एकूण पटावर, इयत्तेवर नाही. ५७ भागिले २ केलं की कागदावर २८-२९ येतात, पण त्या प्रत्येक गटात दोन-दोन इयत्ता असतात हे कुठंच दिसत नाही. या अनुसूचीप्रमाणे तुमच्याकडे आणखी ४ मुलं असती तर तिसरं पद बसलं असतं. आणि दुसरे शिक्षक आले तरी एकाला ट्रेनिंग किंवा बीएलओचं (मतदार यादीचं) काम लागलं की त्या दिवशी सगळी ५७ दुसऱ्याकडेच.

पुणेकर७:
आमच्या वेळी एका तुकडीत ६० पोरं असायची की, शिकलोच ना आम्ही.

झेडपी_गुरुजी:
अहो ती ६० एकाच इयत्तेची, एक धडा सगळ्यांना चालायचा. इथं ४० मिनिटांच्या तासात चार इयत्ता म्हणजे एकेकीला १० मिनिटं, त्यात पहिलीच्या पोराचा हात धरून अक्षर कधी गिरवून घ्यायचं?

समिती_ताई:
दादा, नियमात बसते हे मान्य करू नका. त्याच कायद्याचं कलम २६ म्हणतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, तुमच्याकडे दोनातलं एक रिकामं म्हणजे सरळ ५० टक्के! शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा, ठराव करा आणि पद भरेपर्यंत कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतला तात्पुरता शिक्षक द्या असा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. फक्त शेजारच्या दोनशिक्षकी शाळेतला माणूस उचलू देऊ नका, नाहीतर तिथल्या पोरांचे तेच हाल, मोठ्या पटाची शाळा सुचवा. आणि संचमान्यतेआधी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्याआधी, सगळ्या मुलांची आधार नोंद नीट आहे ना ते बघा, तुम्ही ६० च्या इतक्या जवळ आहात की वस्तीवरची शाळेबाहेरची चार पोरं दाखल झाली तर या कायद्याच्या आधारे तिसऱ्या पदाची मागणीच करता येईल. अर्जाची पोच मात्र घ्याच.

माणदेशी_पालक:
कलम २६ चं माहीतच नव्हतं ताई. वस्तीवर वीटभट्टीची पाच-सहा पोरं आहेत, कुणीच शाळेत जात नाहीत. उद्याच त्यांच्या आईवडलांना भेटतो.