शेवटची गाडी गेल्यावर: परदेशात मित्रांबरोबर जागवलेली रात्र

लोकहो, परदेशात मित्रमैत्रिणींबरोबर दिवसभर शहर पालथं घातलंत आणि रात्रही जागवलीत, असे अनुभव इथे लिहा. मुक्कामी परत कसे पोचलात तेही आवर्जून सांगा. निघण्यापूर्वी नेमकी तीच माहिती मिळत नाही.

सुरुवात मी करते. आम्ही कॉलेजच्या चौघी, बारा वर्षांनी एकत्र, बुडापेस्टला. सकाळी शहराच्या बुडा भागातल्या टेकडीवरून डॅन्यूब नदी डोळे भरून पाहिली आणि चेन ब्रिजवरून चालत पलीकडच्या काठावर, पेस्ट भागात उतरलो. संसदेजवळ, अगदी काठावर, लोखंडी बुटांचे साठ जोड मांडलेले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यू लोकांना इथे आणून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत लोटलं, त्यांचं हे स्मारक. एका छोट्या बुटात कुणीतरी पिवळं फूल ठेवलं होतं, पावसाने भिजलेलं. आमच्यातली एक तिथेच खाली बसली. तिची मुलगी सहा वर्षांची आहे.

त्या रात्री बाहेर जावं की नाही, यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. शेवटी गेलो. काझिंत्सी रस्त्यावरचा सिम्प्ला कर्ट हा तिथल्या 'रुइन बार'पैकी सगळ्यात जुना. भोवतालची वस्तीही जुनी ज्यू वस्तीच. पडीक इमारतींमध्ये २००० नंतर हे बार उघडले. पोपडे उडालेल्या भिंती, कापलेल्या बाथटबचा सोफा, अंगणात जुनी ट्राबांट गाडी. सकाळी पाहिलेलं मनातून गेलं नव्हतं, तरी आम्ही पोटभर हसलो आणि दोन्ही खरं होतं. मध्यरात्रीनंतर ६ नंबरची ट्रॅम पकडली. ती रात्रभर धावते, चौघींना कुठेही भीती वाटली नाही.

* * *

बुडापेस्टला जाणाऱ्यांनी सुटं तिकीट ट्रॅममधल्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या. आम्ही तिकीट काढलं होतं, शिक्का राहिला. तपासनिसाने जागेवरच दंड घेतला.

* * *

मी टोकियोत चार वर्षं होतो, निशि-कासाईला. तिथे आपली बरीच मंडळी राहतात. पुण्याहून दोन जिवलग मित्र आले तेव्हा एकच शनिवार हाताशी होता. सकाळी असाकुसाचं सेन्सोजी देऊळ, दुपारी शिबुयाचा चौक, संध्याकाळी शिंजुकूला टोकियो सरकारच्या इमारतीचा ४५ वा मजला. तिथून शहर फुकट पाहता येतं, आणि दिवे लागायच्या वेळी त्याला तोड नाही.

मग गोल्डन गाई. अरुंद बोळ आणि त्यांत दोनशेच्या आसपास इवलेसे बार, एकेकात जेमतेम सहा-आठ माणसं मावतात. बऱ्याच ठिकाणी बसायचे वेगळे पैसे पडतात, दारावरची पाटी वाचूनच आत शिरा. आम्ही शिरलो तिथल्या आजीबाईंनी तिघांपुढे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगांची वाटी ठेवली. दोघा मित्रांपैकी एकाचे वडील नुकतेच गेले होते. फोनवर तो कधीच बोलला नव्हता, त्या फळीवर कोपर टेकून बोलला. बोलण्याच्या नादात शेवटची गाडी निघून गेली. टोकियोत त्यानंतर पहाटे पाचच्या सुमारापर्यंत मेट्रो नाही आणि टॅक्सी खिसा रिकामा करते. कॅराओकेची खोली घेतली. गाणी दोनच म्हटली, बाकी रात्र गप्पा. पहिल्या गाडीने घरी आलो आणि मी कांदेपोहे केले. नोकरीसाठी लांब गेल्यावर मैत्री पातळ होते म्हणतात, माझी त्या रात्री घट्ट झाली.

* * *

सिंगापूर: माझी मैत्रीण पक्की शाकाहारी, त्यामुळे जेवण लिटिल इंडियात आधी उरकलं आणि मग गार्डन्स बाय द बे या बागेत सुपरट्रीचे, म्हणजे तिथल्या उंच कृत्रिम झाडांवरचे, दिवे पाहायला गेलो. रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी दारू पिणं गुन्हा आहे, खाडीकाठी कॅन उघडू नका. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, रात्री बाराच्या सुमारास थांबते.

* * *

लंडनला जाणाऱ्यांसाठी. आम्ही भावंडं आणि मित्र मिळून साउथ बँकने वेस्टमिन्स्टर ते टॉवर ब्रिज रमतगमत चाललो, वाटेत बरो मार्केटमध्ये खाल्लं. शुक्रवार-शनिवारीच रात्रभर ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) मिळते, तीही पाच मार्गांवर. ज्युबिली त्यात आहे, म्हणून वेम्बलीला पहाटे तीनला आरामात पोचलो. इतर वारी जाणार असाल तर नाइट बसचा नंबर आधीच लिहून ठेवा.