दुसरीच्या मुलांना माहिती गोळा करून मांडायला कसं शिकवायचं?

दुसरीची_टीचर (खानापूर तालुका, बेळगाव)
मराठी माध्यम, दुसरी, पट २४. ‘आज सकाळी काय खाल्लं?’ असं विचारून तक्ता करायचा आहे. उत्तरं दहा-बारा तऱ्हेची येतात, मुलं दोनदा हात वर करतात आणि बेरीज कधी २७ होते तर कधी २१. चिंचोके आणि भुईमुगाच्या शेंगा मांडून चित्रालेख (एका मुलामागे एक वस्तू किंवा चित्र) केला, तर कमी मुलांचीच रांग लांब दिसते. ताळ्याच्या खुणा (मोजताना एकामागे एक रेघ) आधी घ्याव्यात की चित्रालेख?

निपाणी_गणित
दोन्ही नंतर. आधी वस्तू.

हात मोजू नका. प्रत्येकाला एक रिकामी काडेपेटी द्या, सगळ्या एकाच मापाच्या. हजर २२ असतील तर पेट्या २२च वाटायच्या. फरशीवर खडूनं एक आडवी रेघ मारा, तिच्याखाली रकान्यांची नावं लिहा. प्रत्येकानं आपली पेटी आपल्या रकान्यात ठेवायची; पहिली रेघेला टेकून, पुढची तिला चिकटून. शेवटी सगळ्या पेट्या मोजल्या की २२ भरल्याच पाहिजेत. २१ भरल्या तर एक पेटी कुणाच्या तरी दप्तरात आहे, शोधायला मुलांनाच लावा.

तुमची रांग फसली ती मापामुळे. ५ शेंगा ८ चिंचोक्यांपेक्षा लांब भरतात आणि मूल लांबी बघतं, आकडा नाही.

रकाने चार आणि पाचवा ‘इतर’. पण त्याआधी नावं एक करून घ्या. आपल्याकडे एक मूल उप्पीट म्हणतं, दुसरं उपमा, आणि फळ्यावर दोन रकाने होतात. ‘हे एकच ना?’ हे मुलांनीच ठरवायचं. निम्मा धडा त्यातच आहे.

दुसरीची_टीचर
आणि पोहेही खाल्ले, चहा-बटरही खाल्लं, तर पेटी कुठं?

सीमेवरचा_मास्तर
म्हणून हा प्रश्नच बदला, बाई. एकाला दोन उत्तरं येतील असा प्रश्न दुसरीत नको. शिवाय काही न खाता आलेलं पोर वर्गात असू शकतं. त्याला सगळ्यांदेखत पेटी घेऊन उभं करू नये. घरी कुठली भाषा बोलता, हेही आपल्या मराठी-कानडी सीमाभागात विचारू नका. ‘आज शाळेला कसा आलास?’ बरा: चालत, सायकल, दुचाकी, बस. थांब्यापर्यंत चालत आणि पुढं बस, तर बसच धरायची, हे आधी सांगून टाका.

ताळ्याच्या खुणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मुलं पाच उभ्या रेघा मारून मग आडवी मारतात, म्हणजे एका गठ्ठ्यात ६. काड्या हातात द्या: चार उभ्या मांडायच्या, पाचवी त्यांच्यावर तिरकी. ‘तिरकी पण एक’ असं म्हणतच ठेवू द्या, मग पाटीवर.

खुणा पक्क्या झाल्या की फाटकाच्या आतून रस्त्यावरची वाहनं मोजा. १० मिनिटं, जोडीला एकच प्रकार. एकानं ओरडायचं, दुसऱ्यानं खूण करायची. एकाच मुलाला सगळे प्रकार दिले तर लिहिताना वाहन निसटतं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एक धरायचा की तीन, हे बाहेर जाण्याआधी ठरवा. चौथीला नंबरप्लेट द्या: केए २२ बेळगाव, केए २३ चिक्कोडी, एमएच ०९ कोल्हापूर, जीए गोवा, बाकी ‘इतर’.

निपाणी_गणित
एक राहिलं. एक चित्र म्हणजे २ मुलं, हे दुसरीत नको. ७ आले की अर्धं चित्र काढावं लागतं आणि मुलं ते पूर्णच मोजतात.

तक्ता झाल्यावर ‘चालत येणारे बसवाल्यांपेक्षा किती जास्त?’ हे विचाराच. ९ आणि ५ असतील तर बरीच मुलं ‘९’ म्हणतात. दोन्ही रांगा शेजारी आणा, समोरासमोरच्या पेट्यांच्या जोड्या लावून बाजूला काढा. उरलेल्या ४ पेट्या मुलांच्या हातात द्या आणि प्रश्न पुन्हा विचारा.