आमदारांच्या पत्रकातला ‘शक्ती कायदा’ कुठं लागू आहे, कोणी दाखवता का?

इतवारीकर (धागाकर्ता)
परवा दारात चार पानी गुळगुळीत पत्रक पडलं. वर आमच्या आमदारांचा हात जोडलेला फोटो, खाली ‘कुटुंब व बालसंरक्षण: आपल्यासाठी केलेले कायदे’ आणि हिरव्या खुणांची रांग. बायकोनं त्यात सांबार बांधून ठेवायच्या आत मी ते वाचून काढलं. (पुण्याकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.)

पहिलीच खूण ‘शक्ती कायदा, मंजूर’ यावर. म्हणजे बायका-मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं राज्याचं विधेयक. विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, हे खरं. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला विषय. केंद्राच्या कायद्याशी राज्याचा कायदा जुळत नसेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती आलीच नाही. मधल्या काळात, ज्या भारतीय दंड संहितेत हे विधेयक दुरुस्ती करणार होतं, ती संहिताच १ जुलै २०२४ ला गेली. ज्या सदऱ्याला ठिगळ लावायचं, तो सदराच उरला नाही, आणि हे अजून शिंप्याचं कौतुक करून राहिले.

दुसरी खूण, दत्तकाचे आदेश आता जिल्हाधिकारी देतात. तो बदल संसदेनं २०२१ मध्ये केला. आमचे साहेब नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात बसतात, दिल्लीत नाही. ‘लेक लाडकी’ ही योजना आहे. मुलाच्या नावापुढं आईचं नाव, हा २०२४ चा मंत्रिमंडळाचा निर्णय. आठ खुणांत आमदारांचं स्वतःचं काय, ते शोधतोच आहे.

मला यादी नको. आपल्या मतदारसंघात किती शाळांत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) खरंच बसते? पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवावा असं कायदाच म्हणतो. इथं किती संपतात? हे सभागृहात विचारायला आमदार असतो.

तर्री_जास्त
भाऊ, तुमच्या साहेबांनी पत्रक तरी वाटलं. आमचे लग्नात आणि तेरवीतच दिसतात.

काळा_कोट
इतवारीकर, यादीला इतकं हिणवू नका. कायद्यातल्या एका शब्दावर काय होतं, हे नागपूरकरांनी तरी विसरू नये. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं, की कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोचं कलम ८ लागत नाही. पोक्सोची किमान तीन वर्षांची शिक्षा गेली, विनयभंगाची एक वर्षाची राहिली. कलम ७ मध्ये ‘शारीरिक संपर्क’ एवढंच लिहिलंय, त्यातून हा अर्थ निघाला. शब्द नेमका असता तर एवढा फाटा फुटला नसता.

इतवारीकर
वकीलसाहेब, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निकाल फिरवला, लैंगिक हेतू महत्त्वाचा म्हणून. कलम तेच राहिलं. अपिलात अ‍ॅटर्नी जनरल गेले. कोणत्या आमदाराची हिरवी खूण होती त्यात?

काळा_कोट
स्थगिती जानेवारीतच आली, हे खरं, पण शेवटचा निकाल यायला दहा महिने लागले. ते दहा महिने ज्यांच्या पोरींच्या तारखा होत्या, त्यांना विचारा.

निवृत्त_मुख्याध्यापिका
मी कायद्याच्या बाजूनं बोलते. नोकरीत असताना सहावीतल्या एका मुलीनं आमच्या बाईंना काही सांगितलं. तासाभरात संस्थेचे लोक माझ्यासमोर. ‘मॅडम, आधी घरात बोलू, शाळेचं नाव जाईल.’ मुलीचा मामासुद्धा हात जोडून उभा. मी त्यांना पोक्सोचं कलम १९ आणि २१ काढून दाखवलं: कळूनही पोलिसांना सांगितलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत कैद. म्हटलं, साहेब, तुमच्यासाठी मी जेलात जाणार नाही. तक्रार झाली. तो कागद नसता तर मी टिकले असते का, मलाच शंका आहे. वरिष्ठांना ‘नाही’ म्हणायला बाईमाणसाला कधी कधी कलमच लागतं.

समित्यांबद्दल मात्र इतवारीकर बरोबर बोलतात. आमच्याकडं समितीचा फलक घड्याळाखाली लटकलेला, त्यावरच्या दोन बाई बदली होऊन गेल्या तरी नावं तशीच.

डॉक्टरीणबाई
ताई, तुमच्या सहावीतल्या मुलीसाठी ते कलम ढाल आहे. माझ्याकडं येणारी सतरा वर्षांची पोर वेगळी. दिवस गेलेले, पोरगा एकोणीसचा, दोघांचं एकमेकांवर प्रेम, आई बाहेर रडते. २०१२ पासून अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही. म्हणजे मी कळवायचं आणि पोरगा आत. आईला हे समजलं की ती ‘येते हो डॉक्टर’ म्हणून जाते, ती परत येत नाही. कुठं जाते ते मला दोन महिन्यांनी कळतं, पोरगी रक्तस्रावात येते तेव्हा. सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या बाबतीत सांगितलं, की मुलीची आणि घरच्यांची विनंती असेल तर डॉक्टरांनी पोलिसांना ओळख सांगायची गरज नाही. किती दवाखान्यांना हे ठाऊक आहे? पत्रकात हे छापलं असतं तर मी स्वतः वाटलं असतं.

निवृत्त_मुख्याध्यापिका
मग वय सोळा करायचं का? एकोणीसच्या जागी पस्तीसचा असला तर? विधी आयोगानंही २०२३ मध्ये वय कमी करायला नकोच म्हटलं.

डॉक्टरीणबाई
त्याच अहवालात सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेत मोकळीक द्या, असंही आहे. मी तेवढंच मागते.

बाबा_झालो
दत्तकाला ‘दिल्लीचं काम’ म्हणून उडवू नका राव. लेक घरी आली तेव्हा चौदा महिन्यांची होती. आदेश हातात येईपर्यंत जन्मदाखल्यावर आमचं नाव नाही, लसीच्या कार्डापासून सगळीकडं समजावत बसायचं. आमचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून आला, लवकर आला. माझ्या साडूचं कोर्टाच्या जमान्यातलं, वर्ष उलटलं तारखांत. कोणी का केला असेना, बदल चांगला झाला.

काळा_कोट
अभिनंदन, पण मुदत आधीही दोनच महिन्यांची होती. कोर्टं कमी पडली म्हणून काम कलेक्टरकडं ढकललं. निवडणूक, पूर, अधिवेशनाचा बंदोबस्त, आणि त्यात मुलाचं आयुष्य. अपील विभागीय आयुक्तांकडं. उद्या वाटणीच्या वेळी कोणी काका उठला तर?

बाबा_झालो
काका तेव्हाही उठला असता. माझी पोरगी तोवर केजीत गेली.

इतवारीकर
पत्रकावरच्या नंबरला आज फोन लावला. स्वीय सहायक म्हणाले, शक्तीचं ‘प्रिंटिंग मिस्टेक’ समजा, आणि प्रश्न लिहून द्या, अधिवेशनात लावायचा प्रयत्न करू. लिहायला बसलोय. समित्या आणि पोक्सोचे खटले, दोन झाले. डॉक्टरीणबाई, दवाखान्यांना त्या निकालाचं परिपत्रक गेलं का, हाही टाकतो.

निवृत्त_मुख्याध्यापिका
समितीच्या बैठकीचं रजिस्टर कोण तपासतं, ते विचारा. ‘समिती आहे का’ विचारलं तर ‘आहे’ एवढंच उत्तर येईल.

तर्री_जास्त
अन् आमच्या आमदारांचा नंबर कोणाकडं आहे का बे?