सरकत्या कुंपणासाठी ड्रम आडवा कापा

ताई, अंगणात सरकवता येईल असं हिरवं कुंपण हवंय, पण नर्सरीतल्या लांबट कुंड्या उथळ निघतात, ही तुमची अडचण अगदी खरी आहे. त्यावर कुणीतरी तुम्हाला कुंडीसाठी दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरायला सांगितलंय. तसं करू नका. उभा चिरलात तर जेमतेम फूटभर खोली मिळते. कुंपणासाठी मधुकामिनीचं झुडूप डोक्याच्या उंचीएवढं वाढवायचं तर दीड फूट तरी खोली हवी. तोच ड्रम मधोमध आडवा कापला की तेवढ्या खोलीची दोन टोपं होतात. ती एकमेकांना चिकटून ठेवली की वर्षभरात फांद्या मिसळतात. ड्रम मात्र रसायनाचा नको, खाण्याच्या वस्तूंचा घ्या. वरचा अर्धा भाग उलटा ठेवायचा, म्हणून त्याची झाकणं घट्ट बसवा आणि दोन्ही तळांना बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा.

आपल्या इंदूरची काळी माती तशीच भरू नका. पाणी धरून बसते, उन्हाळ्यात दगड होते. शिवाय शंभर लिटर ओली माती दीडशे किलोच्या पुढे जाते! निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी माती आणि शेणखत ठेवा.

टोपांखाली लावायची चाकं सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्यांकडे बघा, प्रत्येक टोपाच्या चारपैकी दोन ब्रेकची. फरशी उंचसखल असली की एक चाक अधांतरी राहतं, म्हणून पूर्ण वजन तीनच चाकं पेलतील अशी घ्या. लहान मुलं असतील तर कण्हेर टाळा, ती विषारी असते. मे महिन्यात टोपांना बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळं भाजतात.