मधुमेह: दोष जिभेचा की खिशाचा?

दर्यावर्दी (धागाकर्ता):
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह सर्वेक्षणाचे (आयसीएमआर-इंडियाब) देशभरचे आकडे २०२३ मध्ये आले. प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे साधारण १०.१ कोटी भारतीय मधुमेही. आमचा गोवा २६.४ टक्क्यांनी पहिला, उत्तर प्रदेश ४.८ टक्क्यांनी तळाला. लगेच गोवेकरांची फेणी आणि सुशेगादपणा काढून झाला! पण याच सर्वेक्षणाचा २०१७ चा अहवाल बघा. सधन राज्यांच्या शहरांत मधुमेह खालच्या आर्थिक गटात जास्त आढळला, त्यात महाराष्ट्रही आहे. शहरी चंडीगडमध्ये गरीब गटात २६.९ टक्के, वरच्या गटात १२.९. तेव्हा 'खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार' हे पालुपद आता पुरे.

रोखठोक:
गरिबीचं पांघरूण घालू नका. आमच्या ऑफिसात पगार बरे आहेत, तरी दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि जेवणानंतर गोळ्यांच्या डब्या. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास वाचा. साखर सीमारेषेवर असलेल्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं, तर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. औषधाशिवाय. चालायला पैसे पडत नाहीत.

आशा_पिंपरी:
पैसे नाही, वेळ पडतो. वस्तीत साखर तपासायला जाते म्हणून सांगते. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला 'रोज पाऊण तास चाला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिवसभर पायांवरच असते ती. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट. डाळ, भाजी, ज्वारी विकत. भात कमी करा म्हटलं तर ताटात दुसरं काय वाढायचं, हे कागदावर कुणी लिहून देत नाही. आणि घरातलं राजकारण वेगळंच. सासऱ्यांना साखर निघाली की त्यांची भाकरी वेगळी होते. सुनेला निघाली तर ती सगळ्यांचं उरलेलं खाते, कारण टाकवत नाही. तपासणीला यायचं तर खाडा. मग गोळ्या 'बरं वाटतंय' म्हणून बंद. तुमच्या चेन्नईच्या लोकांचा सतत पाठपुरावा होत होता. इथे तो कोण करतं?

गणिती:
दोन्ही बाजू आकडे सोयीने वापरताहेत. गोव्यात शहरीकरण जास्त, वयस्कांचं प्रमाणही जास्त, आणि वयाबरोबर मधुमेह वाढतोच. उत्तर प्रदेशात ४.८ टक्के मधुमेही, पण मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे साखर सीमारेषेवर असलेले, १८ टक्के. तिथे पूर यायचाय अजून. देशात शहरी प्रमाण १६.४, ग्रामीण ८.९, आणि खेड्यांत अजून सधनांनाच जास्त. सरसकट 'गरिबांचा आजार' हेही चूकच. शिवाय सर्वेक्षण २००८ ते २०२० असं टप्प्याटप्प्याने झालं. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात होता, २०११ मध्ये छापलेला आकडा ८.४ टक्के. तो आजच्या गोव्याशेजारी मांडू नका.

दर्यावर्दी:
सरसकट कुणी म्हटलंय? मी शहरांबद्दलच बोलतोय. आणि नुसत्या निग्रहाने भागलं असतं, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या कामाचं काय करणार? १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांपासून नोंदी ठेवल्या. बाळं वजनाने कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली. म्हणजे आईच्या उपासमारीची वसुली पुढच्या पिढीकडून, मधुमेहाच्या धोक्याच्या रूपाने. जिभेला लगाम घालायचा, तर जीभ फुटायच्या आधीपासून?

रोखठोक:
आता खापरपणजीपर्यंत पोहोचा! जन्माचं खापर कुणावरही फोडा, आज ताटात काय घ्यायचं ते आपल्याच हातात आहे. उद्या रेशनवर ज्वारी दिली, तरी लोक ती विकून पाव आणतील.

आशा_पिंपरी:
विकतील काही जण. गहूही विकतात. म्हणून गहू बंद केला का कुणी?