शब्दचर्चा: सायकल शर्यतीतला ‘दोमेस्तिक’ आणि ‘फॉर्म’

प्रश्न

टूर द फ्रान्स, स्पेनची व्हुएल्टा अशा तीन आठवडे चालणाऱ्या टप्प्यांच्या शर्यतींबद्दल मराठीत लिहिताना ‘दोमेस्तिक’ या शब्दाशी अडायला होतं. फ्रेंचमध्ये मूळ अर्थ घरचा नोकर. शर्यतीत मात्र हा संघातला तो सायकलपटू, जो स्वतः जिंकायला उतरलेलाच नसतो. प्रमुखाच्या पुढे राहून वारा अंगावर घेतो, मागच्या गाडीतून सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणतो, प्रमुखाची सायकल बिघडली तर स्वतःची काढून देतो. सहायक, मदतनीस हे शब्द कचेरीतले वाटतात. सेवक तर नकोच. काय वापरावं?

आणि ‘फॉर्म’ला मराठी शब्द हवा का? क्रिकेटमुळे तो रुळला आहे, पण सायकलीत त्याचा अर्थ तोच राहतो असं वाटत नाही.

प्रतिसाद

माझं मत ‘गडी’ला. मराठीत गडी म्हणजे घरी किंवा शेतावर राबणारा माणूस, आणि गडी म्हणजे खेळातला भिडूही. कबड्डीत गडी बाद होतो, सवंगड्यातही तोच गडी आहे. दोमेस्तिकच्या कामात हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत: तो राबतो आणि तो खेळतोही. इटालियन लोक त्याला ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाचं मूळ कळपाशी आणि साध्या शिपायाशी जोडलेलं आहे. त्यात चाकरी आहे, पण खेळ नाही. आपल्या शब्दात तोही आहे.

प्रतिसाद

शहरी कानाला ‘गडी’ म्हटलं की घरगडीच आठवतो. तासनतास सायकल मारणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला हा शब्द लावणं मला अपमानकारक वाटतं.

प्रतिसाद

फ्रेंच शब्दाची सुरुवातही अपमानातच झाली. टूरचा संस्थापक आंरी देग्रांज याने 1911 मध्ये मोरीस ब्रोको या सायकलपटूला हिणवण्यासाठी तो वापरला, कारण ब्रोको दुसऱ्यासाठी शर्यत धावतो असा त्याचा आरोप होता. पुढे तीच संघाची रीत झाली आणि शब्दातला डंख गेला. आज उत्तम दोमेस्तिक मिळवण्यासाठी संघ भरपूर पैसे मोजतात.

या कामाची किंमत कळायला 2023 ची व्हुएल्टा पाहावी. अमेरिकेतल्या कोलोराडोचा सेप कुस हा तेव्हाच्या युम्बो-व्हिस्मा संघाचा गडी. त्या वर्षी इटलीच्या जिरो शर्यतीत त्याने प्रिमोझ रोग्लिचसाठी डोंगर ओढले, टूरमध्ये योनास व्हिंगेगोरसाठी. दोघेही जिंकले. व्हुएल्टात ते दोघेही संघाचे प्रमुख होते आणि कुस पुन्हा मदतीला. सहाव्या टप्प्यात तो पुढे निसटलेल्या गटात घुसला. डाव सरळ होता: आपला माणूस पुढे असला की पाठलागाचं ओझं प्रतिस्पर्ध्यांवर पडतं, आणि मागे आपले दोघे त्यांच्या आडोशाने दम राखून ठेवतात. कुसने हाव्हालांब्रेच्या चढावर तो टप्पाच जिंकला आणि आठव्या टप्प्याअखेर एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली.

मग खरा पेच पडला. सतराव्या टप्प्यात आंग्लिरूच्या भिंतीसारख्या चढावर रोग्लिच आणि व्हिंगेगोर त्याला मागे टाकून निघून गेले. त्याची आघाडी 8 सेकंदांवर आली. वर्षभर ज्यांच्यासाठी राबला, तेच त्याच्या जर्सीवर उठलेले पाहून अनेकांना राग आला, मलाही आला. अखेर संघाने कुससाठी धावायचं ठरवलं. माद्रिदला शर्यत संपली तेव्हा कुस पहिला, व्हिंगेगोर 17 सेकंदांनी दुसरा, रोग्लिच तिसरा. गड्यासाठी दोन प्रमुख गडी झाले, हे वाक्य मला ‘सहायक’ वापरून लिहिता आलं नसतं.

प्रश्नकर्ता

हे पटलं. म्हणजे गडी ही पायरी नाही, त्या दिवशीची भूमिका आहे. आता फॉर्मचं काय?

प्रतिसाद

क्रिकेटमध्ये आपण ‘सूर गवसला’, ‘लय सापडली’ म्हणतो. ते फलंदाजाच्या हाताला, नजरेला शोभतं. सायकलीतला फॉर्म मुख्यतः शरीराचा असतो. तो महिनोन्महिने घडवावा लागतो: उंच डोंगरावर मुक्काम करून सराव, वजन नेमकं राखणं, शर्यतीच्या तोंडावर सराव कमी करून अंग ताजं करणं. आणि तो नेमक्या तीन आठवड्यांत यावा लागतो. त्यासाठी ‘भर’ हा शब्द आहे. ‘व्हिंगेगोर जुलैत ऐन भरात होता’ हे वाक्य मला सहज वाटतं. नाम म्हणून ‘फॉर्म’ राहू द्या, त्याला हटवायची गरज नाही.

उलट बाजूलाही शब्द हवा. फ्रेंचमध्ये ‘जूर सां’ म्हणतात, म्हणजे ‘विनाचा दिवस’. पायात काही नसलेला दिवस. त्याच व्हुएल्टात तेराव्या टप्प्यात, पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटाच्या दिवशी, आदल्या वर्षीचा विजेता रेम्को एवेनेपूल त्याआधीच्या ओबिस्क घाटाच्या चढावरच गळपटला आणि 27 मिनिटं मागे पडून पोहोचला. तिथेच त्याची जेतेपदाची आशा संपली. दुसऱ्या दिवशी तोच पठ्ठ्या सुरुवातीलाच निसटला आणि टप्पा जिंकला! एका रात्रीत फॉर्म जात नाही आणि परतही येत नाही. म्हणून ‘फॉर्म हरपला’ असं लिहू नये. मी ‘भाकड दिवस’ सुचवतो. भाकड गाय आज दूध देत नाही, पण ती पुन्हा देणार हे गोठ्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रतिसाद

‘भाकड दिवस’ छान. एवेनेपूलने पुढे त्या शर्यतीत चढांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा डोंगरांचा किताबही घेतला, त्याला मात्र नवा शब्द शोधू नका. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला आपल्याकडे ‘घाटाचा राजा’च म्हणतात.

प्रश्नकर्ता

शेवटची शंका. महिलांच्या शर्यतीत काय लिहावं? 2023 च्या महिला टूरमध्ये लोटे कोपेकी पहिल्या टप्प्यापासून आघाडीच्या पिवळ्या जर्सीत होती. तुर्मालेवर तिचीच संघसोबती डेमी व्होलेरिंग जिंकली आणि जर्सी तिच्याकडे गेली. तिथे ‘गडी’ खटकतो.

प्रतिसाद

‘गडणी’ लिहा. ओव्यांमध्ये सई आणि गडणी जोडीने येतात, अर्थ सोबतीण, खेळातली जोडीदारीण. त्यात चाकरीचा अर्थ नाही, त्यामुळे दोमेस्तिकचा अर्धा भाग सुटतो हे खरं. पण ‘व्होलेरिंगच्या गडणींनी चढाच्या पायथ्यापर्यंत वेग चढता ठेवला’ असं लिहिलं तर काम आपोआप कळतं. तिथे मी तरी दुसरा शब्द शोधणार नाही.